मामांचा मेगर

कूलरचं विचारलंत म्हणून सांगते. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात मी सासूबाईंना म्हटलं, "आई, कूलरचा पत्रा करंट मारतो."

"आम्हाला तर नाय मारत."

कसा मारेल? सगळ्यांच्या पायात रबरी चपला. घरात अनवाणी वावरायचं ते फक्त नव्या सुनेनं.

माझे सासरे, म्हणजे मामा, मोटारी भरायचे, जळालेल्या मोटारीत नव्यानं तांब्याची तार गुंडाळायचे. कूलरची मोटारही त्यांनीच भरलेली. "माझ्या हातचं काम हाय ते," म्हणत त्यांनी इन्सुलेशन तपासायचा मेगर काढला. एरवी तो खंडेनवमीला कुंकू लावून घ्यायलाच बाहेर येतो. एक वायर मोटारीला, एक पत्र्याला लावून मामांनी हँडल फिरवलं. काटा शून्यावर. इन्सुलेशन गेलं की काटा शून्यावर बसतो, हे मला मामांनीच शिकवलेलं.

मामांनी मेगर थोपटला, पुन्हा फिरवला. काटा तिथंच.

"लई जुना झालाय," मामा म्हणाले.

"मोटार?"

"मेगर."

संध्याकाळी मामा क्रांती चौकातून परतले. मेगर दुरुस्तीला टाकून आले होते आणि माझ्यासाठी रबरी चपला घेऊन.