छतातली कडी

(रविवारची सकाळ. हडपसरची महापालिकेची शाळा. चैतालीबाई आपला वर्ग दाखवायला आजोबांना, बाबुरावांना, घेऊन आल्या आहेत.)

चैताली : …आणि प्रोजेक्टर इथे लागणार. उद्या वायरमन येतोय. ती गंजकी कडी आधी कापून टाक म्हटलंय, नेमकी मध्ये येते.

बाबुराव : कुठली? ही? अगं, ही अजून हाय?

चैताली : सावकाश, मान अवघडेल. पूर्वी पंखा असेल तिथे.

बाबुराव : पंख्याला वीज कुठं हुती तवा? हितं झोळी टांगायची. मी निजायचो तिच्यात.

चैताली : वर्गात?

बाबुराव : आई खडी फोडायला जायची. मला सांभाळायला आक्का. मग शाळा कशी व्हायची तिची? तिच्या मास्तरीण, गुजरबाई, घरी आल्या. आमच्या वस्तीत कुणी पाऊल ठेवत नव्हतं, पण बाई आल्या. म्हणाल्या, पोराला घेऊनच ये. आन् दुसऱ्या दिवशी सोताचं लुगडं आणून ह्या कडीला बांधलं.

चैताली : स्वतःचं?

बाबुराव : मऊसूत. आक्काच्या एका हातात पाटी, दुसऱ्यात दोरी. आमच्या घरातलं पहिलं अक्षर तिचं. मला पहिलीत घातलं तवा निम्मे पाढे येत हुते, ऐकून ऐकून.

चैताली : वरून कुणी हरकत नाही घेतली?

बाबुराव : तपासणीला साहेब आले, आन् नेमकं मी भोकाड पसरलं. बाईंचं तोंड उतरलं. साहेब आक्काला म्हणाले, तू फळ्यावर गणित सोडव. दोरी घेतली आपल्या हातात. गणित सुटेस्तोवर झोका देत हुभे. सरकारचा माणूस, पोरी. खडी फोडणारीच्या पोराला.

चैताली : अंगावर काटा आला, आजोबा.

बाबुराव : आक्का सांगायची तवा माझ्याबी यायचा. आता कसला इचार करतीस?

चैताली : माझ्या वर्गात अर्शिया आहे. तिची आई, नसीमबानू, कांद्याच्या वखारीत निवडायला जाते. अर्शिया धाकट्या नबीलला कडेवर घेऊन आली होती. मी म्हटलं, ही शाळा आहे, पाळणाघर नाही.

बाबुराव : मग?

चैताली : दिवाळीपासून आलीच नाही.

बाबुराव : म्हंजे शाळा सुटली तिची.

चैताली : ही कडी पेलेल का हो बाळाचं वजन?

बाबुराव : गंजलीय. जोखीम नगं.

चैताली : वायरमनला सांगते, कापलीस की तिथेच नवी बसव. प्रोजेक्टर सरकेल थोडा.

बाबुराव : आन् लुगडं?

चैताली : आईची जुनी साडी आहे, मऊ. चला, जाताना अर्शियाकडे थांबू.

बाबुराव : कुठं राहती?

चैताली : माहीत नाही, आजोबा. विचारत विचारत जाऊ.