पाठीला पाठ लावून शिकलेलं इंग्रजी

आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष कृष्णनाथबाब, व्यासपीठावरील पाहुणेमंडळी, आज ज्यांना निरोप देतो आहोत त्या सुविधा टीचर, वर्गातले सोबती आणि बंधू-भगिनींनो,

दोनदा नाव पुकारलंत, तिसऱ्यांदा पुकारल्यावर मी उठलो. या उशिराबद्दल आधी माफी मागतो. कागद खिशातच होता, धीर होत नव्हता.

मी सगुण. शिक्षण मराठी चौथी. मुलगा इंग्लंडात, त्याची सेजल सात वर्षांची. तिला इंग्रजीच येतं. फोनवर ती बोलायची, मी मान हलवून ‘येस, येस’ करायचो. कळलं नाही म्हणायचं म्हणजे लाज, नाही का? गेल्या वर्षी तिने काहीतरी विचारलं, मी ‘येस’ म्हटलं. मुलाने नंतर सांगितलं, “बाबा, शाळेत आजोबांना बोलावलं होतं. तुम्ही येतो म्हणालात. ती गेटकडे थांबली.” तेव्हापासून ती फोनवर येईना. म्हणून मी वाचनालयातल्या या इंग्रजीच्या वर्गात आलो.

पण खोड तीच! टीचर बोलायच्या, मी मान डोलवायचो. मग त्यांनी काय करावं? मला आणि मये गावच्या वत्सलाबायला पाठीला पाठ लावून बसवलं. तिच्या हातात घराचं चित्र. तिने इंग्रजीत सांगायचं, मी काढायचं. मी सवयीने मान हलवली. हलती मान पाठीला कशी दिसणार?

“सगुणबाब, आसात मरे थंय? तोंड उगडा!” वत्सलाबाय ओरडली. मी तिथे आहे की नाही तेच तिला कळेना. वर्ग हसला. चित्रात विहीर होती, ती कुठे काढायची तेच मला कळेना.

“वेल... इन हाउस?”

“नो! हाउस बॅक.”

“बॅक म्हणजे परसात?”

“येस, परसात! घरात कोण बांय खणता?”

टीचर रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “विचारलंत म्हणून विहीर जागेवर आली. आता ‘बिहाइंड’ हा शब्द घ्या.”

वेळ झाली का? थोडंच राहिलं.

दोन आठवड्यांपूर्वी मुलाने सेजलला कशीबशी फोनवर आणली. ती भरभर बोलली. मी म्हटलं, “स्लो. अगेन.” पुन्हा बोलली. “यू मीन, स्कूल? व्हाय आय नॉट कम?” ती हळूच म्हणाली, “येस, आजोबा.”

प्रश्न समजला हो! पण उत्तर? तुझं बोलणं मला कळलं नव्हतं आणि ते सांगायची लाज वाटली, एवढं इंग्रजीत मला येत नाही. मुलगा म्हणाला, मी सांगतो. मी नको म्हटलं. ते माझं मीच सांगायला हवं. चवथीला, गणपतीला, ती घरी येते आहे.

टीचर, तुमची बदली पेडण्याला झाली. आमच्या वर्गाचं काय? कृष्णनाथबाब ‘बघूया’ म्हणतात. बघूया म्हणजे कधी? अध्यक्षांना असं विचारू नये, पण ही सवय टीचरांनीच लावली.

टीचर, वर्गातर्फे तुमचे मनापासून आभार. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर म्हातारा म्हणून पोटात घाला. आणि कृष्णनाथबाब, दुसरी टीचर मिळो वा न मिळो, कुणाच्याही हाती निरोप लवकर पाठवा. नसेल मिळत तर तसं कळवा, पेडण्याच्या बसची वेळ मी विचारून ठेवली आहे. चवथीला पाचच आठवडे उरलेत.