गयाबाईकडे साहेब आले तेव्हा

गरिबानं पाहुणचार केला तर सरकार त्याला श्रीमंत समजतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

बुलढाण्यात पालिकेनं कमी भाड्याच्या खोल्या बांधल्या होत्या. भाजी विकणाऱ्या गयाबाईनं अर्ज केला. दोन लेकरं घेऊन ती टिनाच्या खोपटात राहायची. साहेब पाहणीला येणार म्हटल्यावर, पाहुण्यासमोर बाईची लाज जाऊ नये म्हणून अख्ख्या गल्लीनं आपापल्या वस्तू आणून तिचं खोपट सजवलं. खुर्ची, घड्याळ, नवी चादर! गल्लीची ही तयारी मला ठाऊक होती; बातमीसाठी मी साहेबांसोबत गेलो होतो.

साहेब खुर्चीत ऐसपैस बसले. हातात चहा येताच म्हणाले, "बाई, तुमचं तर झकास चाललंय! खोली कशाला हवी?" आणि तसंच लिहूनही टाकलं.

माझं डोकंच फिरलं. दारात जाऊन ओरडलो, "ज्याची वस्तू त्यानं आत्ता घेऊन जा!"

"काऊन ओरडून राह्यले, भाऊ?" म्हणत गल्लीतला न्हावी आला.

"साहेब खोली देत नाहीत. म्हणतात, बाईकडे सगळं आहे."

न्हावी थेट आत शिरला. "साहेब, उठता काय जरा? दुकानात गिऱ्हाईक उभं हाये."

खुर्ची गेली. पाठोपाठ घड्याळ गेलं, चादर गेली. उरली उखडलेली जमीन आणि उभे साहेब. त्यांनी लिहिलेलं खोडलं, 'खोली द्यावी' असं लिहिलं आणि चहाचा कप तोंडाला लावताना थबकले.

"हा कोणाचा?"

"तो माहा हाये, साहेब," गयाबाई म्हणाली. "निवांत प्या."