घाबरटांचं दार

नाही हो, घुसले कुठं? मी होतेच इथं – माझ्यापुढे त्या टोपीवाल्या बाई आणि माझ्यामागे तुम्ही, विचारा त्यांना – मी फक्त जरा त्या जाळीच्या खिडकीपाशी जाऊन आले. आमचे हे बसलेत ना बाहेर बाकावर, पिशवी सांभाळत, ते तिथंच आहेत का बघितलं, बाकी काही नाही. भांडण झालंय आमचं, त्यामुळे बघायचं नव्हतं, पण बघितलं. असू दे. तुम्ही पहिल्यांदाच आलात ना भुतांच्या गुहेत? कळतं हो. नवखा माणूस रांगेत सारखा टाचा उंचावून पुढे बघतो, जुना माणूस टेकायला भिंत शोधतो. ही घ्या, इथं टेका, इथला रंग कपड्याला लागत नाही. बिल्ला मिळाला ना दारात? पिवळा? सांभाळा हं. आज शेवटचा दिवस. गुहेतून बाहेर पडलात की दोन पेट्या दिसतील – एकीवर ‘आहे तशी राहू दे’, दुसरीवर ‘नवी करा’ – ज्या पेटीत बिल्ले जास्त, तसं पार्कवाले करणार. तुम्ही ‘आहे तशी’मध्ये टाका. आग्रह नाही हो माझा, आपलं सांगतेय.

हो, मीच ती. छातीवर लिहिलंय ना, ‘गुहा वाचवा’ – मंडळाची अध्यक्ष. बिनविरोध! आणि ‘नवी गुहा मंडळ’ कोणी काढलं असेल सांगा? आमच्या ह्यांनी. माझ्याच घरात, माझ्याच जेवणाच्या टेबलावर, मीच वाढलेलं जेवता जेवता फोनवर गट काढला आणि पहिलं आमंत्रण कोणाला? मला! म्हटलं, वा रे वा, अस्तनीतला साप म्हणतात तो हाच. तेव्हापासून घरात दोन पक्ष. मी त्यांच्या गटात जाऊन भांडते, ते माझ्या गटात येऊन अंगठा दाखवतात – तो शाबासकीचा नव्हे, उलटा. मीठ हवं असलं तरी गटात लिहितात, ‘जुन्या विचारांच्या सदस्यांनी मीठ इकडे सरकवावे.’ आणि त्यांच्या गटातली माणसं त्यालाही टाळ्या वाजवतात! हसताय काय, आमच्या घरी कोणी हसत नाही.

नव्यात काय करणार आहेत, ठाऊक आहे का? भुतं काढणार, पडदे लावणार आणि डोळ्यांना चष्मे देणार. चष्मा लावून भूत बघायचं! मला आधीच एक चष्मा आहे, त्याच्यावर दुसरा चढवला तर भूतच किंचाळत पळेल. आणि रांग बंद. हो! रांगच नाही. फोनवर नंबर लावायचा, बाहेर कुठंही जाऊन बसायचं, फोन वाजला की यायचं, बसायचं, जायचं. म्हणजे दवाखानाच की हो तो! आत्ता कसं, दारात फोन काढून घेतात, कपाटात ठेवतात – गुहेतल्या गाडीच्या हिसक्यांनी पडतात म्हणून – की मग माणूस मोकळा. पण नाही, म्हणे काळाबरोबर बदलायला पाहिजे. मी विचारते, का? काळ काय सांगून गेलाय का, की माझ्याबरोबर बदला म्हणून?

गर्दी? अहो, गर्दी एरवी नसते इतकी. एरवी आडवारी आलं तर हे लोखंडी कठडे नुसते चमकत असतात आणि गाडीवाला पेंगत असतो. मग मीच फोनवर लिहिलं – लोकहो या, नाहीतर गुहा जाईल, आपल्या बालपणावर नांगर फिरेल, असं बरंच काही, डोळ्यांत पाणी येईल असं. तर हे बघा, अख्खं गाव लोटलंय. आणि आता आमचेच जुने सभासद मला शिव्या घालतायत की तुझ्यामुळे आम्हाला उभं राहावं लागतं. करायला जावं भलं! गर्दी नाही म्हणून गुहा मरतेय म्हणणारेही तेच आणि गर्दी झाली म्हणून नाक मुरडणारेही तेच. मला विचाराल तर मला आवडते हो रांग लांब असली की. जितकी लांब तितकी बरी. का? ते आपलं... सांगते पुढं.

आत ना, आधी काळोख. मग डावीकडून पाहुणी येते – पांढऱ्या साडीतलं भूत, तिचा एक हात निखळलाय, त्यामुळे ती घाबरवते आहे की निरोप देते आहे तेच कळत नाही. मग वळणावर दातदुख्या – सांगाडा, त्याचा जबडा अडकतो, मग तो गालावर हात ठेवून नुसता बघत राहतो तुमच्याकडे. मग पाणी उडतं, पण ते भुताचं नव्हे, वरची नळी गळते. आणि शेवटी एक मोठा उंदीर येतो म्हणे आणि – म्हणे म्हणजे, ते सांगतात ना. आमचे हे. सगळं साग्रसंगीत सांगतात, बाहेर आले की. मी? मी किती वेळा आलेय! मोजदाद नाही. लग्नाआधीपासून येतेय. बसलेय? कशात? गाडीत? अं... तसं नाही. म्हणजे रांगेत असते ना मी. पूर्ण. शेवटपर्यंत.

बरं, आता तुमच्यापासून काय लपवायचं, तुम्ही उद्या कुठं भेटणार आहात. ते पुढं बघा, गाडीच्या अलीकडे, हिरवं दार, ‘बाहेर’ लिहिलंय ते. त्याला सगळे घाबरटांचं दार म्हणतात. आयत्या वेळी ज्याची पाचावर धारण बसते त्याच्यासाठी आहे ते. दर वेळी हे गाडीत बसतात आणि मी तिथून बाहेर. काळोखाला भिते मी, झालं? घरी न्हाणीघरातसुद्धा दार जरा उघडं ठेवते. अध्यक्ष झाले म्हणून काय काळोख मला घाबरणार आहे का? आणि बिल्ला टाकायचा तर पेट्या गुहेच्या पल्याड! म्हणजे आत बसल्याशिवाय मत नाही. कोणाच्या सुपीक डोक्यातून निघालंय हे, देव जाणे. म्हणून मी म्हणतेय – तुम्ही भला माणूस दिसता, मघापासून ऐकून घेताय – माझा बिल्ला तेवढा तुमच्याबरोबर टाकाल का? कोणाला कळणार नाही. बघू पुढं, आधी सरका, रांग सरकली.

तुम्ही विचाराल, आत जायचं नाही तर वाचवते कशाला. मला गुहेचं काय लोणचं घालायचंय? मला रांग हवीय हो, रांग! आमचे हे गाडी शिकवतात, शिकाऊ लोकांना. दिवसभर ‘क्लच दाबा, ब्रेक मारा, अहो झाड आलं झाड’ ओरडून ओरडून घरी येतात ते घसा संपवूनच. घरात हूं आणि उंहूं, एवढीच भाषा. वर टीव्ही, वर फोन. पण इथं? फोन कपाटात, टीव्ही नाही, शिकाऊ नाहीत, पळायला जागा नाही – दोन्ही बाजूंना कठडे! काय बोलतात म्हणून सांगू तुम्हाला! लग्नाला हो इथंच म्हणाले, त्या तिसऱ्या वळणावर. मुलीचं नाव इथं ठरलं. त्यांची आई गेली, तेव्हा घरी एक टिपूस काढलं नाही माणसानं, आणि इथं, त्या पंख्याखाली, आईबद्दल इतकं बोलले, इतकं बोलले की मागच्या माणसांनी त्यांना पाणी दिलं. रांग गेली तर मी ह्यांच्याशी कुठं बोलू, सांगा? फोन वाजला की यायचं म्हणे. आणि मला सगळ्यात काय झोंबलं असेल, तर रांग मोडायला हेच पुढे. मी म्हटलं, तुम्हाला माझ्याशी बोलायचा कंटाळा आला असेल तर तसं सांगा, मंडळ कशाला काढता? तर टीव्हीचा आवाज वाढवला. सकाळी आले इथवर, म्हणाले तू जा, मी पिशवी सांभाळतो. पिशवीत काय हिरे आहेत? छत्री आहे आणि शेंगदाणे आहेत. पायऱ्या चढताना नुसते थांबत होते, वैताग नुसता, मी म्हटलं चला हो लवकर, लोक पुढं जातायत, तर कठडा धरून उभे – सगळीकडे आता असंच करतात, बाजारात, जिन्यात, उठताना टेबलाला धरून, गुडघ्याला कसलं ते मलम लावतात, वास मारतं खोलीभर, आणि विचारलं तर म्हणतात...

थांबा हां जरा. माझी जागा धरा. इथूनही दिसतं खिडकीतून.

...बसलेत. पाय लांब करून. दोन्ही हातांनी गुडघा दाबतायत. कोणीतरी बाकावर बसायला आलं तर छत्री उचलून शेजारच्या जागेवर ठेवलीन्, मान हलवली – जागा धरलीय म्हणत असणार. कोणासाठी धरलीय हो? मी तर हिरव्या दारातून गेले की तिथंच जाते दर वेळी. माझ्यासाठीच की. बाई गं! आणि मी मेली फोनवर लिहितेय, या हो या, रांग वाढवा, आणखी वाढवा! सांगायचं नाही का माणसानं? गुडघे दुखतात, उभं राहवत नाही, एवढं तोंड उघडून सांगायला काय होतं? पण नाही. सांगणार कुठं – रांगेत सांगतात ना ते सगळं, आणि रांगेतच उभं राहवत नाही म्हटल्यावर! शहाणा माणूस. अतिशहाणा. रडत नाही हो मी, धूळ आहे इथं, झाडत नाहीत हे लोक.

फोन वाजेपर्यंत बाहेर बसायचं, असंच आहे ना नव्यात? बाकावर? दोघांनी बसलं तरी चालतं ना? चालत असेलच. फोन काय, माझ्या पर्समध्ये कोंबीन दोन्ही, वाजू दे हवं तेवढं.

धरा हा माझा बिल्ला. मुठीत धरा, आत पाणी गळतं. नव्या पेटीत टाका. हो, नव्या, ऐकलंत ते बरोबर – आणि हळू बोला, त्या टोपीवाल्या बाई आमच्या मंडळाच्या खजिनदार आहेत. तुमचा तुम्ही कुठंही टाका, मी काही बोलणार नाही. गाडी आली तुमची. माझ्याकडे काय बघताय, बसा. मला ह्या दारातून जायचंय.