बापसाच्या नावाचा डबा

आम्ही चेंदणी कोळीवाड्यातले. ठाणे स्टेशनला लागूनच आमचं घर, गाड्यांचा आवाज पाळण्यात असल्यापासून कानात. बापूस खाडीत होडी घालायचा, आयस बाजारात म्हावरं घेऊन बसायची, आणि मी दोन वर्षांची असताना तापली, अशी तापली की ताप गेला तो डावा पाय घेऊनच गेला. पोलिओ. आयस बोलायची देवीचा कोप, बापूस बोलायचा देवीला दुसरं काम नाय काय. असा होता तो, देवीशीपण भांडणारा. मी त्याच्यावरच गेलीय, हे आधीच सांगून ठेवते तुम्हाला, म्हणजे पुढे माझं बोलणं तिखट लागलं तर पाणी मागू नका.

शाळा झाली चौथीपर्यंत, तीपण भावाच्या पाठीवर बसून. मग भाऊ मोठा झाला, त्याला लाज वाटायला लागली, शाळा सुटली. सगळी कामाला गेली की मला उंबऱ्यात बसवायचे आणि मांडीवर फाटकं जाळं द्यायचे. जाळ्याची गाठ सारखी पाहिजे, एक घर मोठं नि एक लहान झालं की म्हावरं आपल्याला हसत निघून जातं, असं बापूस बोलायचा. तर हात बसला माझा. पाय नाय तर नाय, हात देवाने दोघींचे दिलेत असं शेजारच्या बाया बोलायच्या.

तेव्हाची गोष्ट, ऐंशी सालानंतरची. खाडीचं पाणी कारखान्यांनी काळं केलेलं, बापूस रिकाम्या पाटीने घरी यायचा. तेव्हा ताई आल्या घरी. नाव नाय सांगत, कशाला, त्या अजून आहेत. नौपाड्याच्या, सुती साडी, खांद्याला झोळी, एकदम गोड बोलणं. बोलल्या, वर्तकनगरला आम्ही अपंग मुलांना काम शिकवतो, ट्यूबलाइटच्या चोकची कॉइल गुंडाळायचं, आणि शिकलं की वागळे इस्टेटमधल्या फॅक्टरीत लावून देतो. बापसाने एकच विचारलं, कायम? ताई बोलल्या, कायम. तुमची मुलगी ती माझी मुलगी. बापूस कोणासमोर वाकायचा नाय, त्या दिवशी त्याने हात जोडले. तो कायम शब्द त्याने घट्ट धरून ठेवला, पार शेवटपर्यंत.

ताईंनी मला कॅलिपर करून दिलं, लोखंडी पट्ट्या नि चामड्याचा बूट, ते खोटं नाय बोलणार. कॅलिपर घालून पहिल्यांदा मी गल्लीत चालली तेव्हा आयस दाराला धरून रडली. वर्तकनगरला दोन खोल्यांत आमचं सेंटर होतं. हाताने फिरवायची मशीनं, केसासारखी बारीक तांब्याची तार, एकावर एक थर बसवत जायचं, तार तुटली की सगळं फुकट. माझी तुटायची नाय. काय सांगू तुम्हाला, जाळं विणलेला हात तो. वर्ष नाय झालं तर ताई बोलल्या, नवीन मुलं आलीत, त्यांना तूच दाखव. मी दाखवायला लागली. कोणाला ऐकू यायचं नाय, कोणाचा एक हात बारीक, ज्याला जसं जमेल तसं शिकवायची. डोंबिवलीची पोरं, कल्याणची पोरं, मला मास्तरीणबाई बोलायची, मी फुगायची.

आमच्याकडे एक पद्धत होती. ज्याला नोकरी लागेल त्याला ताई स्टीलचा जेवणाचा डबा द्यायच्या, त्यावर त्याचं नाव घालून. आता कामाला जाणार, डबा लागणार. नाव घालायला बाजारात भांडीवाल्याकडे कोण जायचं? मी. तो भांडीवाला ओळखायला लागलेला, बोलायचा, बाय, तुझा कधी आणणार? मी बोलायची, पुढच्या दिवाळीला.

कारण दर दिवाळीनंतर फॅक्टरीची माणसं यायची, काम बघायची, आतल्या खोलीत ताईंशी बोलायची, मी शिकवलेली पोरं घेऊन जायची नि मला ठेवून जायची. पहिल्यांदा झालं तेव्हा मी ताईंना विचारलं, माझं काय चुकलं? ताईंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. बोलल्या, अगं तुझं काम त्यांना आवडलंय, पण तिथे जिने आहेत, दोन मजले चढायचे, तुला झेपणार नाही म्हणतात ते. पुढच्या वर्षी बघू.

घरी येऊन सांगितलं. बापूस बोलला, जिना म्हणजे काय डोंगर लागून गेला? चल पुलावर.

स्टेशनचा पूल हो. दर रविवारी सकाळी बापूस मला पुलाच्या पायऱ्या चढायला न्यायचा. मी कठडा धरून वर, तो माझ्या एक पायरी खाली. पडलीस तर माझ्यावर पड, बोलायचा. किती वेळा पडली असेन. कॅलिपरचा लोखंडी पट्टा त्याच्या नडगीला लागायचा, त्याची नडगी कायम सोललेली, तरी दुसऱ्या रविवारी परत चल. लोकं बघायची. एकाने विचारलं, म्हातारबा, पोरीचे कशाला हाल करताय? बापूस बोलला, हाल नाय, नोकरीची तयारी चाललीय. त्या माणसाला काय कळणार, तो गेला.

आणि चढली मी. खालून वर, वरून खाली, न थांबता. दुसऱ्या दिवशी धावत नाय पण धावल्यासारखी ताईंकडे गेली, बोलली, ताई, मला जिना येतो. आता आठवतं तेव्हा कळतं, ताईंनी चष्मा काढला, पदराने पुसत बसल्या, माझ्याकडे बघितलं नाय. बोलल्या, हो का, छान, पण तिथले जिने लोखंडी आहेत गं, एकदम उभे. आम्ही मग उभा जिना शोधायला लागलो. खुळे आम्ही.

असंच वर्षामागून वर्ष गेलं. बापूस छातीच्या दुखण्याने गेला. जायच्या आधी माझ्या मावशीला सांगत होता, पोरीचं येत्या दिवाळीला होणारच. कायम.

आता तुम्ही विचाराल, फॅक्टरीत लागलेल्या पोरांना का नाय विचारलंस? अहो, विचारायचं असतं हेच डोक्यात आलं नाय. ताईंचा शब्द तो. आयस ज्या देवीला नारळ फोडते तिला ती कधी विचारते काय, खरं सांगतेस ना म्हणून?

मग एका वर्षी शैला आली. कल्याणची, कानाने अधू, माझ्याच हाताखाली शिकून फॅक्टरीत लागलेली, ओठ बघून बोलणं समजायचं तिला. बोलली, खंडेनवमीला फॅक्टरीत मशीनची पूजा असते, घरची माणसं बोलवतात, तू ये, माझी गुरू तूच. मी नवी साडी नेसली, रिक्षाने गेली. दारात उतरली आणि मनात जिन्याची तयारी करत आत गेली.

जिना नव्हता.

सपाट शेड. पत्र्याचं छप्पर, खाली फरशी, या टोकाला मशीनं, त्या टोकाला ऑफिस, मालाची हातगाडी सरळ आतपर्यंत येत होती. मशीनांना झेंडूच्या माळा, कुंकवाची बोटं. मला वाटलं मागे असेल जिना. सुपरवायझर पेढे वाटत होते, त्यांना विचारलं, जिना कुठे आहे? बोलले, कसला जिना? मग माझं नाव कळलं तसे बोलले, अहो म्हणजे त्या तुम्ही! दरवर्षी आम्ही पहिलं नाव तुमचंच मागायचो. पण ताई म्हणायच्या, कोळी लोक आहेत, वडील तापट, मुलीला बाहेर कामाला सोडत नाहीत. आता पाठवतायत वाटतं?

माझ्या तोंडात पेढा तसाच राहिला. शैलाने माझे ओठ बघितले, काय बोलतेय कळावं म्हणून, पण मी काय बोलतच नव्हती. मी बोलली असती तर तिथेच त्या पूजेत राडा झाला असता. जो माणूस माझ्याखाली एक पायरी उभा राहिला, त्याचंच नाव पुढे केलं हो. मेलेला माणूस उठून कुठे सांगणार, मी नाय अडवलं म्हणून.

दसरा झाला नि मी ताईंसमोर उभी राहिली. त्यांनी नाकारलं नाय, एवढं खरं. रडल्या. बोलल्या, तू गेली असतीस तर शिकवलं कोणी असतं? बाकीच्या मुलांचं काय झालं असतं? मी बोलली, मग मला तसं सांगायचं होतं, मी कदाचित राहिली असती. ते जाऊ दे. बापसाचं नाव कशाला घातलंत मध्ये?

ताई बोलल्या, कोणाचं तरी नाव सांगावंच लागतं गं.

एवढंच. मग कपाट उघडलं नि एक कोरा डबा माझ्यासमोर ठेवला. मला वाटलेलं फेकून मारीन. पण घेतला.

फॅक्टरीत परत विचारून बघितलं. सुपरवायझर बोलले, आता माणसं घेत नाय, आहेत त्यांनाच घरी पाठवतायत. वागळेतल्या चिमण्या एकेक बंद होत चाललेल्या तेव्हा. म्हणजे दाराला कुलूप लागल्यावर मला कळलं की दार उघडंच होतं. महिनाभर घरी बसली. मग परत गेली वर्तकनगरला. आयस बोलली, लाज नाय तुला? काय करू? पोरं अर्ध्या कॉइलवर सोडून आलेली, त्यांचा काय दोष. आणि मला दुसरं येतं काय.

आता एक नियम मी केलाय, ताईंना न विचारता. नवं पोर आलं की त्याच्या आईबापाला सांगते, आधी जा, जिथे लावणार ती जागा डोळ्यांनी बघून या, मग पोर इथे ठेवा. फॅक्टरीची माणसं आली की मी स्वतः त्यांच्यासमोर बसते, हा तयार, ही तयार, मधे कोणी नाय. लागतायत पोरं, थोडी लागतायत, जिथे लागतील तिथे सुखी राहोत.

ताई थकल्यात आता. गुडघे गेलेत, दाराची एक पायरी चढायची तर माझा खांदा लागतो. देते मी. माफ नाय केलं, करणारपण नाय, पण खांदा देते.

आणि तो डबा भांडीवाल्याकडे नेलेला मी. तो खूष झाला, बोलला, बाय, आला एकदाचा तुझा डबा, सांग नाव. मी बापसाचं सांगितलं, पूर्ण, आजोबाच्या नावासकट. रोज दुपारी मी नि ताई एका टेबलावर जेवतो. मी डबा ठेवते तो नाव ताईंच्या बाजूला करून ठेवते. त्या वाचतात. मग मी झाकण उघडते नि बोलते, जेवा ताई.