काचेतली पिवळी साडी

(कामरगावातलं घर. भर दुपारी खिडकीवर गोधडी, दाराला चादर. काचेच्या टाकीपुढे आई, बाप आणि लेक.)

संस्कृती : माय, सरक ना तिकडे. तुही पिवळी साडी काचेत दिसून राह्यली.

प्रयागबाई : आता माह्या घरात मीच कुठी सरकू? भर दुपारी अंधार करून बसली पोट्टी. कोनी पाह्यलं तं म्हनन, यायच्याच घराले गिऱ्हान लागलं काय!

पुंजाजी : अवं, बाहेरचा उजेड आला का काचेत आपलेच थोबाडं दिसतात, मासोळ्या दिसत नाई. सकाळपासून मले तेच शिकवून राह्यली ते.

प्रयागबाई : आन तुमी शिकून राह्यले! वावरात तुरीचं काम पडलं, आन हे इथी बॅटरी धरून उभे. त्या बॅटरीवर काय बांधलं? माहं लुगडं तं नाई?

पुंजाजी : माहंच धोतर हाय. जुनं. त्यानं उजेड नरम पडते म्हने.

संस्कृती : बाबा, वरून धरा. समोरून धरली का काच चमकते. हां. थोडी मांगं घ्या. आता हालू नोका.

प्रयागबाई : आन हे काय टांगलं तुनं मोबाइलपुढे? अवं माय! ही तं तुह्या पयल्या संक्रांतीची साडी! भोक पाडलं तिले?

संस्कृती : पाडलं. मोबाइलच्या डोळ्यापुरतं. मधी काळं कापड असलं का फोटो काढनारा काचेत दिसत नाई. घरात दुसरं काळं हाय काय काही?

प्रयागबाई : सासरच्याईनं नेसवली व्हती वं ते तुले. हलव्याचे दागिने घालून बसवली व्हती. असं भोक पाडतात काय कोनी?

संस्कृती : एक दिस बसवली, माय. मंग तीन वर्सं मी काळ्या कापडामांगंच बसली. फोटो मी काढो, नाव नवीनचं लागे.

पुंजाजी : जावयाचं नाव असं एकेरी घेऊ नोको पोरी.

संस्कृती : मंग त्यानं माहं कुठी घेतलं? दगड म्या आनले, इथूनच, आपल्या नाल्यातून. बाभळीचं खोड तीन दिस तुमच्याच चुलीवर उकळलं. हे गवत दिसते ना खाली, याची एक एक काडी चिमट्यानं लावली म्या. तवा तो म्हने, मासोळ्यापायी इचं डोस्कं फिरलं. आन टाकी सजवायची स्पर्धा निंघाली तं फोटो धाडला आपल्या नावानं. पयला नंबर आला. पेपरवाले घरी आले. तो टाकीपाशी उभा, आन मी च्याचा ट्रे घेऊन.

प्रयागबाई : नवरा-बायकोत काय असते बाई तुहं-माहं?

संस्कृती : मी बी तेच म्हटलं. मंग दोघाईचं नाव टाक म्हटलं. तं म्हने, हात तुहे असतीन, घर तं माहं हाय. म्हटलं ठीक हाय. टाकी तुह्या घरातून काढतो मंग.

पुंजाजी : काळीपिवळीत आनली ना. टाकी मांडीवर, मासोळ्या डब्यात. डायवर मले म्हने, काका, तुमची पोरगी वाशीमपासून त्या डब्याशीच बोलत आली.

प्रयागबाई : हासा! चार महिने झाले तिले येऊन, आन तुमी हासा. सकाळचा समदीचा, तिच्या सासऱ्याचा, फोन काहून सांगत नाई तिले?

संस्कृती : कोनता फोन?

पुंजाजी : आला व्हता. म्हने, पोरीनं स्पर्धेतून नाव मांगं घेतलं तं गुरुवारी घ्यायले येतो.

संस्कृती : आन नाई घेतलं तं?

पुंजाजी : तं म्हने… पोरगी आन टाकी, दोन्ही तुमच्याच घरी ठेवा.

संस्कृती : ठेवता काय?

पुंजाजी : अवं, मी काय म्हनतो…

संस्कृती : ठेवता का नाई, तेवढं सांगा. आन बॅटरी हालवू नोका.

पुंजाजी : जागा तं हाय ना घरात.

प्रयागबाई : जागा हाय म्हने! तुमाले काय जाते? नळावर मी जातो. बायाईचं मले ऐकू येते. संस्कृती, ऐक माहं. दोन फुटाच्या काचेपायी संसार मोडत असतात काय? पाठवू नोको तो फोटो. पुढच्या वर्सी पाठोजो.

संस्कृती : पुढच्या वर्सी कोन राहीन माय? यंदा म्या माह्या नावानं भरलं, तं त्यानं बी भरलं. मागचाच फोटो घेऊन. स्पर्धावाले म्हनतात, टाकी ज्याच्यापाशी असन त्यानं आज पाच वाजेलोक नवा फोटो धाडा. आज गप बसली तं टाकी त्याचीच झाली. मी बी.

पुंजाजी : सव्वाचार झाले.

संस्कृती : बाबा, मोटर बंद करा. पानी हालते, त्यानं पानं बी हालतात. आता थांबा. फेस बसू द्या. माय, तू मासोळ्याईले दाना टाकला काय?

प्रयागबाई : टाकला थोडासा. सकाळी. बेसन नाई टाकलं, घाबरू नोको. मांगं पानी दुधावानी झालं तवापासून हात नाई लावला बेसनाले.

संस्कृती : भुकेल्या असल्या का समोर येतात. पन ठीक हाय. आल्या. आल्या पाय! बाबा, दम धरा… झालं.

पुंजाजी : सोडू काय दम?

संस्कृती : सोडा. पाहा आता. माय, तू बी पाय.

प्रयागबाई : मले काय समजते त्याच्यातलं… अवं. हे तं नाल्याकाठचं दिसून राह्यलं. आखाडातलं. हा दगड… यावर तं मी धुनं धुवो.

संस्कृती : त्याच्याच बाजूचा हाय. तुहा नाई उचलला.

प्रयागबाई : लय साजरं केलं वं पोरी. लयच साजरं.

संस्कृती : पाठवू मंग?

प्रयागबाई : थांब. यात तुहं काय हाय?

संस्कृती : म्हंजे?

प्रयागबाई : दगड हाय, झाडं हाय, मासोळ्या हाय. उद्या तो म्हनन, हा बी माहाच. म्याच काढला चार महिन्याआंधी. तू कुठी दिसतं यात?

संस्कृती : मी दिसली नाई पायजे, तोच तं नियम हाय. काचेत मानूस दिसला का मार्क कटतात.

प्रयागबाई : हाव. कटतच असतीन. संस्कृतीचे बाबा, त्या भिंतीवरचा फोटो पाहा बरं जरा.

पुंजाजी : कोनता?

प्रयागबाई : कोनता म्हने! फेटा बांधून बसले तो. मांडीवर कोहळं. सव्वीस किलोचं. कारंज्याच्या प्रदर्शनात पयला नंबर.

पुंजाजी : आता ते कायले काढतं? वीस वर्सं झाले त्याले.

प्रयागबाई : बावीस. बी म्या जपलं राखेत. येल म्या चढवला मांडवावर. कोहळ्याखाली गवताची चुंबळ ठेवो मी रोज, देठ तुटू नाई म्हनून. आन बक्षीस कोनाले भेटलं?

पुंजाजी : सायबानं इचारलं शेतकऱ्याचं नाव काय, म्या सांगतलं. वावर माह्या नावानं व्हतं, दुसरं काय सांगू?

प्रयागबाई : तेच. वावर तुमचं, घर त्याचं. येल माहा व्हता ना? तवा मी बोलली नाई. चूप राह्यली. घरी येऊन त्याच कोहळ्याचे गोड बोंडं तळले, आन तुमच्या दोस्ताईले वाढले.

संस्कृती : माय, तू कधी सांगतलं नाई.

प्रयागबाई : तुनं बी कुठी इचारलं? काढ ते काळं.

संस्कृती : साडी?

प्रयागबाई : काढ म्हनतो ना. संक्रांत झाली. आन ते खिडकीवरची गोधडी बी सरकव थोडी. तोंड दिसू दे तुहं काचेत. मोबाइल धरलेला हात बी दिसू दे.

संस्कृती : मार्क कटतीन.

प्रयागबाई : कटू दे. नंबर नाई आला तं नाई आला. पन कोनाच्या बापाले म्हनता नाई आलं पायजे का हे माहं हाय.

पुंजाजी : आन गुरुवारी समदी आले तं?

प्रयागबाई : आले तं च्या पाजीन. ट्रे तुमी न्याजो. आन सांगजो, टाकी भरलेली हाय, हालत नाई.

संस्कृती : माय, तू कुठी चालली? तिकडे नोको सरकू. इकडे ये, माह्या बाजूले.

प्रयागबाई : मी कायले वं? माही पिवळी साडी दिसते म्हने काचेत.

संस्कृती : दिसू दे. उभी राह्य. पदर ठीक कर. साडेचार झाले.

पुंजाजी : मी येतो काय त्याच्यात?

प्रयागबाई : तुमी एक डाव आले ना फोटोत. आता बॅटरी धरा.