चौकटीतली बाई काय म्हणाली?

सन्माननीय अध्यक्ष प्राचार्य हणमंतराव सर, व्यासपीठावरची वडीलधारी मंडळी, आज निवृत्त होणाऱ्या आमच्या मराठीच्या रत्नम्मा मॅडम, आणि भाषणापेक्षा जेवणाच्या वासाकडं लक्ष असलेल्या माझ्या मित्रांनो,

मी संगमेश. याच कॉलेजात मॅडमच्या हाताखाली शिकलो आणि पुढं त्यांनाच भूत केलं. अशी गुरुदक्षिणा आपल्या औशात तरी पहिलीच असावी.

'चौकटीतली बाई' ही जुनी गाजलेली कथा मॅडमनी आपल्या सगळ्यांना शिकवली. मेलेली एक बाई दिवेलागणीला दारोदार येते, लोक किंचाळून कड्या लावतात. शेवटच्या घराचं दार मात्र उघडंच असतं. 'ती चौकटीला हात लावून म्हणाली,' आणि त्या स्वल्पविरामावर लेखक वारले! काय म्हणाली असेल? मॅडम दरवर्षी विचारायच्या आणि आम्ही दरवर्षी अकलेचे तारे तोडायचो.

त्या कथेवर मी सिनेमा काढला. आमच्या आप्पांनी, म्हणजे वडील गुरुपादप्पांनी, आधीच बजावलं होतं, "ह्यो पिच्चर पडला की गुमान लातूरला आपल्या धान्याच्या आडतीवर बसायचं." धुकं म्हणून गोवऱ्यांचा धूर, चांदणं म्हणून ट्रॅक्टरचा लाईट. भूत व्हायला कुणी तयार होईना, तेव्हा मॅडमच पदर खोचून उभ्या राहिल्या. धुरानं भूतच खोकायला लागलं, ते वेगळं सांगायला नको. सगळं जमलं, शेवट तेवढा सुचेना. म्हटलं, बाईनं नुसतं मुकाट उभं राहावं.

शेवटचा शॉट. घरात माझा वर्गमित्र रुद्रेश, चौकटीत मॅडम. कुणीच 'कट' म्हणेना, कारण म्हणणारा मी, आणि मी डोळे चोळत बसलेलो. मॅडमना लातूरची एसटी गाठायची होती. त्यांनी हळूच विचारलं, "येऊ का?"

रुद्रेश भूमिकेत इतका बुडालेला, की खरंच ओरडला, "नगं! आत नगं येऊ!"

"अरे बाबा, आत कशाला येऊ? निघते म्हणतेय मी! बस हुकंल की माझी."

सगळे पोट धरून हसले. मी मात्र हसता हसता थांबलो. आपल्यात निघणारा माणूस कधी 'जातो' म्हणतो का हो? ती बाई घरात शिरायला नव्हे, निरोप घ्यायला येत होती! आणि अख्खं गाव 'येऊ नको' म्हणून तिला अडकवून ठेवत होतं. सापडला शेवट!

नांदेडला पहिला खेळ लागला. पडद्यावर बाईनं "येऊ का?" विचारलं. आता बदललेल्या शेवटात रुद्रेशनं हात जोडून 'या' म्हणायच्या आतच प्रेक्षकांच्या अंधारातून कुणीतरी म्हणालं, "या, माय." ते आमचे आप्पा होते. पुढं नव्या सिनेमासाठी मी पिशवी भरली आणि बिचकत विचारलं, "आप्पा, येऊ का?" आडतीचा विषयसुद्धा न काढता ते म्हणाले, "ये." मला रडू आलं.

मॅडम, आज मलाही रुद्रेशसारखं "नगं!" म्हणून ओरडावंसं वाटतंय. पण माणसाला दारात अडवलं की त्याचं भूत होतं, हे आम्ही तुमच्याकडूनच शिकलो.

मला बोलायला दिलंत, आयोजकांचा ऋणी आहे. गुरूला भर सभेत भूत म्हणालो, बोलण्यात आणखीही कमीजास्त झालं असेल, लेकराचं समजून पोटात घाला. आणि मंडळी, आता मॅडम उठतील, दारापाशी थांबतील, रीतीप्रमाणं विचारतील. तेव्हा पार बसस्टँडवर ऐकू जाईल असं सगळ्यांनी मिळून म्हणायचं, "या!"